आतड्याच्या ऑपरेशननंतर बाळ हवंय : पहिला पैसा कुठे घालायचा?

पहिला खर्च झेरॉक्सचा. पन्नास-शंभर रुपयांचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेण्याआधी, तुमच्या आतड्याचं ऑपरेशन जिथे झालं तिथे जा आणि ‘ऑपरेशन नोट’ची प्रत मागा. डिस्चार्ज कार्ड नव्हे. कार्डावर एक-दोन ओळीच असतात. ऑपरेशन नोटमध्ये सर्जनने पोटात काय पाहिलं ते लिहिलेलं असतं : आतड्याचा कुठला भाग किती काढला, पोट उघडून की दुर्बिणीतून, पू होता का, ओटीपोटात खाली हात घालावा लागला का, बीजकोश आणि गर्भनलिका दिसल्या का, चिकटल्या होत्या का.

हा कागद मागायला संकोच नको. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मात्र त्या जपून ठेवायचं बंधन त्याच नियमांत तीन वर्षांचंच आहे. ऑपरेशन जुनं असेल तर याच आठवड्यात जा. बायोप्सीचा रिपोर्टही मागून घ्या.

एवढा जोर का देते आहे? कारण आतडं काढलेल्या बाईच्या मूल होण्याच्या प्रवासात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो चुकीच्या क्रमामुळे. दर जास्त असतात हे खरंच, पण सहा महिने गोळ्या, मग चार वेळा आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), आणि नंतर कळतं की दोन्ही नळ्या ओटीपोटात चिकटलेल्या होत्या. त्यातून एकही बीज उतरणं शक्य नव्हतं. ही शंका ऑपरेशन नोट वाचून पहिल्याच दिवशी घेता आली असती.

कुठलं ऑपरेशन, त्यावर सगळं

‘आतड्याचं मोठं ऑपरेशन’ या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात. आपल्याकडे क्षयामुळे लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरचा भाग काढावा लागतो, तो उजव्या बाजूला, खोल ओटीपोटाच्या वर असतो. क्रोन्सच्या आजारातही बहुधा तोच भाग जातो. ओटीपोटात खोलवर काम झालेलं नसेल आणि पू पसरलेला नसेल, तर नळ्या शाबूत असण्याची शक्यता चांगली असते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये किंवा आतड्यात शेकडो गाठी होणाऱ्या आनुवंशिक आजारात संपूर्ण मोठं आतडं आणि गुदाशय काढतात, लहान आतड्याची पिशवी शिवून खाली जोडतात. रुग्ण तिला ‘जे-पाऊच’ म्हणतात. तिथे सर्जनला गर्भाशयाच्या अगदी मागे काम करावं लागतं. जखम भरताना पडदे तयार होतात, नळ्यांची टोकं त्यात अडकतात. २००६ साली ‘गट’ या नियतकालिकात आठ अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण आलं. कोलायटिसवर फक्त औषधं घेणाऱ्या स्त्रियांमध्ये वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ न राहण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के होतं, पाऊच झालेल्यांमध्ये सुमारे ४८ टक्के.

हा आकडा घाबरवतो, म्हणून त्याची दुसरी बाजू लगेच सांगते. निम्म्याहून थोड्या अधिक जणींना वर्षभरात दिवस राहिले. शिवाय त्या अभ्यासांतली ऑपरेशनं बहुतेक पोट उघडून केलेली होती. दुर्बिणीतून केल्यावर चिकटणं कमी होतं आणि दिवस राहण्याचं प्रमाण सुधारतं, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : या ऑपरेशनमध्ये बीजकोश आणि गर्भाशय जागच्या जागी असतात. अडतो तो बहुधा फक्त रस्ता. घरात कुणी ‘हिची कूसच गेली’ म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

एक योगायोग मला फार बोलका वाटतो. पाऊचच्या ऑपरेशनबद्दल लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या पार्क्स आणि निकोल्स यांचा पहिला लेख छापून आला जुलै १९७८मध्ये. त्याच महिन्यात, २५ तारखेला, त्याच देशात लुईस ब्राऊन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. म्हणजे अडचण निर्माण करणारं ऑपरेशन आणि त्या अडचणीला वळसा घालणारी वाट एकाच महिन्यात जगासमोर आली.

गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. रेडिएशन बीजकोशांना आणि गर्भाशयाला, दोन्हींना इजा करतं. तिथे खालचा क्रम लागू पडत नाही. थेट कॅन्सरच्या डॉक्टरांशी आणि वंध्यत्वतज्ज्ञांशी एकत्र बोला.

प्रयत्न सुरू करण्याआधीचे सहा महिने

या काळातला खर्च सगळ्यात कमी आणि उपयोग सगळ्यात जास्त. क्रोन्स किंवा कोलायटिसचा आजार शांत असताना गर्भ राहिला तर बहुतेक वेळा गर्भारपणातही शांत राहतो. म्हणून पोटविकारतज्ज्ञ निदान तीन, शक्यतो सहा महिने आजार शांत असावा असं सांगतात. आतड्याची सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी खासगी लॅबमध्ये साधारण २,००० ते ४,००० रुपयांना होते. आतड्याची आतून दुर्बिणीने तपासणी ३,००० ते ६,०००. दोन्ही लागतातच असं नाही. ‘कॅलप्रोटेक्टिन चांगलं आलं तर दुर्बीण टाळता येईल का?’ हे विचारा.

औषधांची यादी लिहून न्या आणि प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर किमान तीन महिने आधी बंद करावंच लागतं, त्यामुळे गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्याही चालत नाहीत. थॅलिडोमाइड तर अजिबातच नाही. पण मेसालामाइन आणि अॅझाथायोप्रिन बहुधा चालू ठेवतात, बायोलॉजिक इंजेक्शनंही बहुतेक वेळा. दिवस राहिल्याच्या आनंदात, किंवा सासूबाईंनी ‘आता गोळ्या नकोत’ म्हटल्यावर परस्पर औषध बंद करणं ही सगळ्यात महाग चूक आहे. आजार उसळला तर बाळालाही धोका असतो, आणि हॉस्पिटलचं बिल वेगळंच.

क्षयामुळे ऑपरेशन झालं असेल तर औषधांचा कोर्स पूर्ण होऊ द्या. आणखी एक गोष्ट न विसरता विचारा. पोटाच्या क्षयाबरोबर गर्भनलिकांचा क्षयही असू शकतो, आणि आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा नमुना घेऊन तो तपासता येतो. सरकारी केंद्रात क्षयाचं निदान आणि औषधं मोफत आहेत.

मग रक्त. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी-१२ नीट शोषलं जात नाही. त्याच्या गोळ्या गिळून बहुधा भागत नाही, इंजेक्शन घ्यावं लागतं. ते स्वस्त असतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉइड हे सगळं मिळून खासगीत अंदाजे २,५०० ते ५,००० रुपये. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, केस पेपर आणि मूलभूत तपासण्यांचे दर नाममात्र आहेत. रांगेत अर्धा दिवस जातो, पण हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी खासगीत पैसे घालायचं कारण नाही. फॉलिक अॅसिड प्रयत्न सुरू करण्याच्या तीन महिने आधीपासून घ्यायचं. रोजचा खर्च दोन रुपयांच्या आसपास. सल्फासॅलाझिन चालू असेल तर जास्त डोस लागतो.

तपासण्यांचा क्रम

आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. ४०० ते १,००० रुपये, दोन ते पाच दिवसांचा संयम, एक सकाळ. हे इतकं साधं असूनही आपल्याकडे बाईचं पोट आधी तपासतात, कधीकधी दुर्बीणही घालतात आणि नवऱ्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आतडं तिचं काढलंय म्हणून दोष तिचाच, असं गृहीत धरलं जातं. असं करू नका. आतड्याचं ऑपरेशन नवऱ्याचं झालं असेल तर ही तपासणी अधिकच महत्त्वाची. गुदाशयाजवळच्या ऑपरेशनमध्ये नसा दुखावल्या तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं. आणि सल्फासॅलाझिनमुळे शुक्राणू घटतात. औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतात. लाख रुपये वाचवणारी ही माहिती एका चिठ्ठीवर मावते.

त्यानंतर तिची आतून सोनोग्राफी, १,००० ते १,८०० रुपये. नळीत पाणी साठलं असेल तर ते बऱ्याचदा यातच दिसतं. ए.एम.एच. ही रक्ततपासणी १,५०० ते २,५००. बीजांचा साठा किती ते कळतं. तीस ओलांडली असेल किंवा क्रोन्स असेल तर करा. सोनोग्राफीला आधार कार्ड न्या. दिवस राहिल्यावर तर प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म भरून घेतात, त्याचा राग मानू नका. लिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी मशीनवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवण्याचा प्रयोग लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना याच कोल्हापुरात सुरू झाला होता.

तिसरी पायरी एच.एस.जी., म्हणजे रंग सोडून नळ्यांचा एक्स-रे. २,५०० ते ५,००० रुपये. पाळी सुरू झाल्यापासून सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास करतात, थोडं दुखतं, एक वेदनाशामक आधी घेतात. कुठलं वेदनाशामक, ते मात्र तुमच्या पोटविकारतज्ज्ञांना विचारून. आतड्याच्या आजारात प्रत्येक गोळी चालत नाही. एक मर्यादा लक्षात ठेवा. एच.एस.जी.त नळी उघडी दिसली तरी ती बाहेरून चिकटलेली असू शकते. ऑपरेशन नोटमध्ये चिकटण्याचा उल्लेख असेल तर ‘नळ्या ओपन’ या शेऱ्यावर वर्षभर विसंबून राहू नका.

आता निर्णय. सर्वसाधारण जोडप्याला पस्तिशीच्या आत वर्षभर थांबायला सांगतात. पाऊच झालेल्या बाईने सहा महिन्यांनी तज्ज्ञांकडे जावं, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि बरेच डॉक्टरही तसंच सांगतात. नळ्या मोकळ्या आणि ऑपरेशन वरच्या भागाचं असेल तर खुशाल प्रयत्न करत राहा. नळ्या बंद असतील तर आययूआयवर एक रुपयाही घालू नका. एका वेळचे ६,००० ते १२,००० रुपये लागतात, आणि आययूआयमध्ये बीज आणि शुक्राणूची भेट नळीतच व्हावी लागते.

‘दुर्बिणीतून चिकटलेलं सोडवून देतो’ असं कुणी सुचवेल. खर्च ४०,००० ते ९०,०००. आधी ज्यांचं पोट मोठ्या प्रमाणात उघडलं गेलं त्यांच्यात हे सोडवताना आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, आणि सोडवलेलं पुन्हा चिकटतं. म्हणून पाऊचच्या रुग्णांत बरेच तज्ज्ञ थेट आयव्हीएफकडे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराकडे, जातात. अपवाद एक : नळीत पाणी साठलेलं असेल तर ती नळी आधी काढणं किंवा बांधणं गरजेचं असतं, नाहीतर आयव्हीएफच्या यशाची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. ते ऑपरेशन करताना आतड्याचा सर्जन थिएटरमध्ये हजर असेल का, हे आधी ठरवून घ्या. त्यांची फी वेगळी लागेल. ती द्या.

आयव्हीएफचं कोटेशन

कोल्हापूर, सांगली-मिरज पट्ट्यात एका प्रयत्नाचा एकूण खर्च दीड ते अडीच लाख धरून चला. पुण्यात त्याहून जास्त, शिवाय राहणं. जाहिरातीत दिसणारं ‘पॅकेज’ याच्या निम्मं असतं, कारण इंजेक्शनं त्यात नसतात. इंजेक्शनंच ५०,००० ते ९०,००० पर्यंत जातात. म्हणून लेखी कोटेशन मागा आणि त्यात हे वेगवेगळं लिहून घ्या : इंजेक्शनं, भूल, बीज काढणं, इक्सी (शुक्राणू सुईने बीजात सोडणं), गर्भ गोठवणं, दरवर्षीचं साठवण भाडं, गोठवलेला गर्भ नंतर सोडण्याचा खर्च. शेवटचे दोन आकडे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. ‘बीजं आली पण गर्भ तयार झाला नाही तर किती पैसे परत?’ हाही प्रश्न विचारा.

पाऊचमुळे आयव्हीएफचं यश कमी होतं असं दिसलेलं नाही. क्रोन्सच्या ऑपरेशननंतर ते काहीसं कमी होऊ शकतं. तुमच्यासारख्या रुग्णासाठी तीन प्रश्न खास. बीजकोश चिकटून वर गेले असतील तर योनीमार्गे सुईने बीजं काढता येतील का? संप्रेरकांमुळे आणि आतड्याच्या आजारामुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, तर हेपॅरिनची इंजेक्शनं लागतील का? आणि एकच गर्भ सोडाल का? पाऊच असलेल्या पोटात जुळी वाढवणं अवघड असतं. दोन सोडले तर ‘पैसे वसूल’ होतात, हा हिशेब कृपा करून करू नका. गर्भाशयात पीआरपी (स्वतःच्या रक्तातला प्लेटलेटचा अंश) सोडणं, अस्तराच्या जनुकीय चाचण्या असे जोडखर्च सुचवले तर त्यांचा भक्कम पुरावा नाही हे लक्षात ठेवा आणि पहिल्या प्रयत्नात नम्रपणे नको म्हणा.

२०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. पहिल्या स्तराचं केंद्र आययूआयपुरतं असतं, आयव्हीएफसाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ ही कायद्याची मर्यादा.

पैसे कुठून येतील? महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पाच लाखांपर्यंत आहे, शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, आणि आतड्याच्या बऱ्याच ऑपरेशनांना उपयोगी पडते, हेल्पलाइन १५५३८८. पण वंध्यत्वाचे उपचार तिच्याशी जोडलेल्या आयुष्मान भारतमध्ये येत नाहीत. खासगी आरोग्य विम्यातही ‘वंध्यत्व’ हा सर्वसाधारण वगळलेला मुद्दा असतो. म्हणून बिलावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. नळीत पाणी साठल्याचं, पोटात पडदे झाल्यामुळे दुखण्याचं निदान खरोखर असेल तर ते वैद्यकीय निदान म्हणूनच नोंदवायला सांगा. खोटं मात्र लिहून घेऊ नका, दावा फेटाळला जातो आणि पॉलिसीही धोक्यात येते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कंपन्यांत गट विमा असेल तर एच.आर.ला विचारा, काही पॉलिसींत प्रसूती आणि क्वचित वंध्यत्वासाठीही छोटी रक्कम असते. केंद्र सरकारी नोकरीत पूर्वपरवानगीने ठरावीक मर्यादेत परतावा मिळतो. कागल-गडहिंग्लजकडच्या लष्करातल्या कुटुंबांनी लष्करी रुग्णालयातूनच सुरुवात करावी. गोवा मेडिकल कॉलेजने बांबोळीला २०२३मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केलं. चंदगड, आजऱ्याकडच्यांनी परराज्यातल्या रुग्णांचे नियम फोनवर विचारूनच निघावं.

पुण्याला जायचंच असेल तर पाऊच किंवा पोटावर शौचाची पिशवी (स्टोमा) असलेल्या बाईने बसपेक्षा रेल्वे निवडावी. डब्यात शौचालय असतं, एवढं एकच कारण पुरेसं आहे. दिवसाची कोयना आहे, आणि सप्टेंबर २०२४पासून काही ठरावीक वारी वंदे भारतही.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर

हा भाग मुलींच्या आई-वडिलांसाठी. मुलगी वीस-बावीसची आहे, लग्न झालेलं नाही, आणि सर्जनसमोर मूल होण्याचा विषय काढायची लाज वाटते. काढा. त्या दिवशी हा प्रश्न फुकट असतो, पाच वर्षांनी त्याची किंमत काही लाख होते. दुर्बिणीतून करता येईल का? मोठं आतडं आता काढून ओटीपोटातलं खोल काम मूल झाल्यानंतर करता येईल का? गुदाशय ठेवून जोडता येईल का? आनुवंशिक गाठींच्या आजारात गुदाशय राखलेल्या स्त्रियांची गर्भधारणेची क्षमता टिकून राहिल्याचं अभ्यासात दिसलं आहे. प्रत्येकीला हे शक्य नसतं, पण विचारल्याशिवाय कळत नाही. फक्त पाऊचसाठी बीजं गोठवायची सहसा गरज नसते. केमो किंवा रेडिएशन असेल तर मात्र आधीच बोला. मुलगा असेल तर वीर्य गोठवून ठेवणं अगदी थोड्या खर्चात होतं.

दिवस राहिल्यावर

नाव नोंदवताना स्त्रीरोगतज्ज्ञ, पोटविकारतज्ज्ञ आणि शक्य असेल तर जुना सर्जन, तिघांचे नंबर एका कागदावर लिहून फाइलला लावा. पोटावर पिशवी असेल तर पोट वाढेल तसं तिच्या छिद्राचं माप बदलतं, म्हणून एकदम तीन महिन्यांच्या पिशव्या घेऊन ठेवू नका. उलट्या सुरू झाल्या की पिशवीवाल्या बाईच्या अंगातलं पाणी आणि मीठ भराभर जातं. ओ.आर.एस.ची पाकिटं घरात ठेवा, आणि लघवी कमी झाली तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

पाऊच असेल तर बऱ्याचदा सिझेरियन सुचवतात, खालचे स्नायू जपण्यासाठी. पोटावर नुसती पिशवी असेल तर साधी प्रसूतीही होते. खासगीत सिझेरियनचे ५०,००० ते १,२०,००० धरा, आणि चिकटलेल्या पोटासाठी सर्जनची फी त्यात आहे का ते विचारा. आठव्या महिन्यात एकदा सीपीआरमध्येही नाव नोंदवून ठेवा. अचानक रक्त किंवा नवजात बाळासाठी अतिदक्षता लागली तर उपयोगी पडतं. पहिल्या बाळासाठी पंतप्रधान मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये अंगणवाडीतून अर्ज करून मिळतात.

गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत बायोलॉजिक इंजेक्शन घेतलं असेल तर ते प्रसूतीच्या आधीच बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि बाळाच्या फाइलवर लाल शाईने लिहून घ्या. आपल्याकडे बीसीजी जन्मानंतर लगेच टोचतात. ती जिवंत लस आहे, आणि अशा बाळांना ती निदान सहा महिने पुढे ढकलतात. रोटाव्हायरसच्या थेंबांबद्दलही विचारा. ड्यूटीवरच्या नर्सला हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून बाळाच्या बाबांनी पहिल्या दिवशी पाळण्याजवळ असायला हवं.